आधी तास मोजा, मग मागणीपत्र लिहा

वाचकाचं पत्र (थोडक्यात): "मी मानसिक आरोग्याच्या घरभेट सेवेत काम करते. आमच्या टीममध्ये १२ जण आहेत. त्यात परिचारिका, समाजसेवक, समुपदेशक आहेत आणि स्वतः आजारातून सावरून आता इतरांना साथ देणारे तीन सहकारीही आहेत. नुकतीच माझी युनियनची प्रतिनिधी म्हणून निवड झाली. प्रत्येकाकडे ३४ च्या आसपास केसेस आहेत, नोंदी रात्री घरी बसून पूर्ण कराव्या लागतात. गेल्या महिन्यात एका सहकारी ताईंना संध्याकाळच्या भेटीत दारातच धरून ठेवलं. अहवालात 'किरकोळ प्रसंग' एवढंच आलं. तक्रार केली की व्यवस्थापन ताणमुक्तीची कार्यशाळा लावतं. सहकारी म्हणतात, आवाज उठवला तर रुग्णांचे हाल होतील. सुरुवात कुठून करू?"

ताई,

तुमच्या पत्रात सगळ्यात अवघड आहे ते सहकाऱ्यांचं शेवटचं वाक्य. त्याला उत्तर मिळाल्याशिवाय १२ जणांपैकी चौघेसुद्धा तुमच्याबरोबर बैठकीला येणार नाहीत. काळजी घेण्याचं काम करणारी माणसं स्वतःसाठी काही मागताना अवघडतात आणि व्यवस्थापनाला हे पक्कं ठाऊक असतं. पण रुग्णांचे हाल तर आताच होत आहेत. ५० मिनिटांची भेट २५ मिनिटांत उरकली जाते, नातेवाइकांचा फोन दोन दिवसांनी परत केला जातो, रात्री ११ वाजता लिहिलेल्या नोंदीत औषधाचा बदल राहून जातो. हे सगळं आकड्यांत मांडलं की सहकाऱ्यांच्या मनातली अपराधी भावना बरीच सैल होते. म्हणून सुरुवात तिथून करा.

आकडा असा काढा. आठवड्याचे कामाचे ४० तास धरू. त्यातून टीमच्या बैठकीचे २, मार्गदर्शन सत्राचा १, प्रशिक्षणाचा सरासरी १ आणि अचानक उद्भवणाऱ्या प्रसंगांचे ५ तास वजा करा. उरले ३१. आता एका घरभेटीला खरोखर किती वेळ जातो ते बघा. रुग्णासोबत ५० मिनिटं, जाण्यायेण्याची ३०, नोंदी लिहायला २०, डॉक्टरांशी आणि घरच्यांशी फोनवर बोलायला २०. म्हणजे सरळ दोन तास. ३१ तासांत १५ भेटी बसतात, त्यापुढे नाही. दहा रुग्णांना दर आठवड्याला आणि दहा जणांना पंधरवड्यातून एकदा भेटायचं असेल तर या १५ भेटी संपल्या. म्हणजे केसेस २०. तुमच्याकडे ३४ आहेत. त्यातल्या २० जणांना आठवड्याला आणि १४ जणांना पंधरवड्याने भेट हवी असेल, तर भेटी होतात २७ आणि तास ५४. वरचे ९ तास मिळवले की ६३. पगार ४० तासांचा आहे. उरलेले २३ तास कुठून येतात, हा प्रश्न बैठकीत तुम्हाला विचारायचा आहे. उत्तर सगळ्यांना माहीत आहे. ते तास रात्रीच्या झोपेतून, जेवणाच्या सुटीतून आणि रुग्णाच्या वेळेतून येतात.

या हिशोबात एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे रजा. वर्षाच्या ५२ आठवड्यांपैकी रजा, आजारपण आणि सणासुदीच्या सुट्या मिळून सहा आठवडे गेले, तर कामाचे आठवडे ४६. मग वर्षभराचा हिशोब केला तर आठवड्याला १५ नव्हे, सरासरी १३ भेटीच बसतात. हे धरलं नाही की रजेवर गेलेल्याच्या केसेस उरलेल्यांच्या गळ्यात पडतात आणि रजा मागणाऱ्यालाच चोरट्यासारखं वाटायला लागतं.

आमचे हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमचे तुम्हीच काढायला हवेत. त्यासाठी टीममधल्या निदान आठ जणांनी सलग दोन आठवडे वेळेची नोंद ठेवावी, १५-१५ मिनिटांच्या हिशोबाने. रकाने पाचच ठेवा: रुग्णासोबत, प्रवास, नोंदी, फोन आणि समन्वय, इतर. पाचाहून जास्त रकाने केले की तिसऱ्या दिवशी लोक कंटाळतात. कागद खिशात मावेल एवढा असावा आणि त्याच दिवशी भरावा. आठवड्याच्या शेवटी आठवून भरलेली नोंद समोरचा माणूस पहिल्याच प्रश्नात मोडीत काढतो. मुद्दाम सगळ्यात वाईट आठवडे निवडू नका. साध्या आठवड्यांतही हीच गत आहे, हे दिसलं पाहिजे. घरी बसून केलेलं काम वेगळ्या शाईने लिहा. रुग्णांची नावं, पत्ते, आजार यातलं काहीही त्या कागदावर नको, केवळ 'भेट १', 'भेट २'. साधारण चौथ्या दिवसापासून नोंदी ढिल्या पडतात, तेव्हा रोज काम सुटताना सगळ्यांना आठवण करण्याची जबाबदारी एकावर सोपवा. ते तुम्ही स्वतः करू नका, तुमच्यापुढे बाकी कामं भरपूर आहेत.

आता त्या दारात धरून ठेवलेल्या ताईंबद्दल. 'किरकोळ प्रसंग' हे दोन शब्द फार घातक आहेत आणि ते बदलून घेण्याची वेळ अजून गेलेली नाही. त्यांना पुरवणी निवेदन लिहायला सांगा. लिहिताना 'रुग्ण आक्रमक झाला' असं वाक्य नको. त्यातून काय घडलं ते कळत नाही आणि दोष आपोआप रुग्णाच्या आजाराकडे जातो. असं लिहा: "संध्याकाळी ५:४० ला मी निघताना त्यांनी दारात माझा उजवा दंड धरला आणि सुमारे दोन मिनिटं सोडला नाही. मी एकटी होते. ५:४३ ला कार्यालयात फोन केला, कोणी उचलला नाही. ५:५१ ला पुन्हा केला, तेव्हाही नाही. या घरी पूर्वी काही घडलं होतं का, याची माहिती मला भेटीआधी दिलेली नव्हती. दंडावर वळ उठला होता, त्याचा फोटो काढला आहे." यात कुणाविरुद्ध एक शब्द नाही, तरी तीन त्रुटी उघड्या पडतात: एकटीला पाठवलं, फोन घ्यायला कोणी नव्हतं, आधीची माहिती पोहोचली नाही. तिन्ही गोष्टी व्यवस्थापनाच्या हातातल्या आहेत. निवेदनाची प्रत पोच घेऊन द्या आणि एक युनियनकडे ठेवा. यापुढे अशी नोंद त्याच पाळीत, घरी जाण्यापूर्वी लिहायची आणि ती लिहायला लागणारा वेळ कामाचाच धरायचा, ही मागणीही यादीत घाला.

इथे एक पथ्य कटाक्षाने पाळा. मानसिक आजार असलेली माणसं हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याचीच शक्यता कितीतरी जास्त असते. युनियनच्या पत्रकात 'धोकादायक रुग्ण' असे शब्द आले, तर ज्यांच्यासाठी आपण काम करतो त्यांच्याच कपाळावर शिक्का बसतो आणि तुमच्या टीममधले ते तीन सहकारी पहिल्यांदा तुमच्यापासून दूर जातील. मागणी नेहमी मनुष्यबळाची, माहितीची आणि व्यवस्थेची असावी.

एकट्याने करायच्या भेटींसाठी लेखी कार्यपद्धती मागा, आणि तिचा मसुदा तुम्हीच घेऊन जा, नाहीतर 'मोबाइल जवळ ठेवावा' अशी एक ओळ पदरात पडेल. मसुद्यात एवढं तरी हवं: बाहेर पडताना पत्ता आणि भेट संपण्याची वेळ लिहून द्यायची. शेवटचा माणूस सुखरूप पोहोचल्याचा फोन येईपर्यंत नाव ठरलेली एक व्यक्ती ड्यूटीवर राहील. ठरलेल्या वेळेपासून १५ मिनिटांत फोन आला नाही तर त्या व्यक्तीने फोन करायचा, पाच मिनिटांनी पुन्हा करायचा. ३० मिनिटं झाली तर दोघांनी त्या पत्त्यावर जायचं किंवा पोलिसांना कळवायचं, आणि हा निर्णय कोण घेणार तेही लिहिलेलं असावं. धोक्याच्या वेळी फोनवर म्हणायचं एक साधं वाक्य ठरवा, समोरच्याला संशय येणार नाही असं, उदाहरणार्थ 'ती निळी फाइल माझ्या टेबलावर ठेवा'. नव्या घरची पहिली भेट दोघांनीच करायची. मोबाइलला रेंज नसलेल्या भागांची यादी करायची.

ही पद्धत मोडते कुठे, तेही सांगतो. कार्यालय ५:३० ला बंद होतं आणि शेवटची भेट ६ ला सुरू होते. ती भेट सुरू असते तेव्हा 'नाव ठरलेली व्यक्ती' घरी निघालेली, बसमध्ये असते. म्हणून त्या व्यक्तीची पाळी पगारी हवी. ते काम आनंदाने करणाऱ्या कुणाच्या भरवशावर ठेवू नका. मोबाइलवरचं एखादं अ‍ॅप दाखवून 'झाली सोय' म्हटलं गेलं, तर त्याचा इशारा नेमका कोणाच्या फोनवर वाजतो आणि तो माणूस त्या वेळी काय करत असतो, एवढं विचारा.

बैठकीत आधार म्हणून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा हिंसा आणि छळाविषयीचा १९० क्रमांकाचा करार हाताशी ठेवा. तो २०१९ साली मंजूर झाला आणि २५ जून २०२१ पासून लागू आहे. कामाच्या निमित्ताने केलेला प्रवास, कामावर ये-जा आणि कामासंबंधीचे फोन-संदेश हे सगळं त्याच्या कक्षेत येतं, म्हणजे घरभेटीच्या वाटेवर घडलेला प्रसंगसुद्धा. जीव, आरोग्य किंवा सुरक्षिततेला तातडीचा गंभीर धोका आहे असं मानायला सबळ कारण असेल तर कामगाराला तिथून निघून जाता यावं, त्याची शिक्षा होऊ नये आणि त्याने व्यवस्थापनाला कळवावं, असं कलम १० सांगतं. सोबतच्या २०६ क्रमांकाच्या शिफारशीत आरोग्य आणि सामाजिक सेवा, रात्रपाळी आणि एकट्याने करायची कामं यांचा जास्त जोखमीची कामं म्हणून नावानिशी उल्लेख आहे. तुमच्या देशाने हा करार स्वीकारला आहे का, ते मध्यवर्ती युनियनकडून तपासून घ्या. स्वीकारला नसेल तरी मागणीपत्रात त्यातली भाषा वापरायला कोणाची परवानगी लागत नाही.

कार्यशाळेच्या बाबतीत भांडू नका, तिला नकारही देऊ नका. ज्यांना जावंसं वाटतं त्यांना जाऊ द्या, मात्र कामाच्या वेळेत. पण थकवा हा प्रत्येकाच्या मनाचा कमकुवतपणा आहे, हा जो सूर त्यामागे असतो तो मान्य करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ साली मंजूर झालेल्या रोगवर्गीकरणात, म्हणजे त्याच्या ११व्या आवृत्तीत, बर्नआउटची नोंद आजार म्हणून केलेली नाही. ती कामाशी जोडलेली स्थिती म्हणून आहे. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने ती उद्भवते, आणि तिची तीन अंगं दिली आहेत: शक्ती संपून जाणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असं वाटणं. याच संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात कामाच्या रचनेतले बदल आणि व्यवस्थापकांचं प्रशिक्षण या गोष्टी सुचवल्या आहेत. हे कागद बैठकीत ठेवा आणि एवढंच विचारा: "केसेस ३४ च राहिल्या, तर कार्यशाळेनंतरच्या सोमवारी नेमकं काय बदलेल?"

मागायचंच असेल तर कार्यशाळेऐवजी नियमित मार्गदर्शन सत्र मागा. पंधरवड्यातून निदान एक तास, अनुभवी व्यक्तीसोबत, अवघड केसेसबद्दल मोकळेपणाने बोलण्यासाठी. मात्र ही व्यक्ती तुमचा वार्षिक अहवाल लिहिणारी नसावी, ही अट सोडू नका. ज्याच्या हातात बढती आहे त्याच्यासमोर 'मला या घरी जायची भीती वाटते' असं कोणी म्हणत नाही. मग त्या सत्रात भेटींचे आकडे मोजून होतात आणि तास संपतो. हल्ल्यानंतर मिळणाऱ्या मदतीबाबतही जपून बोला. घटना घडली की लगेच सगळ्यांना एकत्र बसवून एकदाच सविस्तर बोलायला लावण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी चालते. ती सक्तीने करू नये, असंच आजवरचे पुरावे सांगतात. त्याऐवजी पगारी सुटी, घरी सुरक्षित पोहोचवण्याची सोय, काही दिवसांनी आणि नंतर काही आठवड्यांनी विचारपूस, आणि हवं असेल तेव्हा उपचार, एवढं मागा. त्या घरची पुढची भेट कोण करणार, हे त्या ताईंना विचारल्याशिवाय ठरू नये.

सावरून कामाला लागलेले तुमचे तीन सहकारी बहुतेक कंत्राटी असतील आणि पगारही सगळ्यात कमी असेल. त्यांना मागणीपत्रात स्वतंत्र परिच्छेद द्या, शेवटच्या ओळीत 'व इतर' म्हणून ढकलू नका. त्यांना एक वेगळाच ताप असतो. ते रजेवर गेले की 'पुन्हा आजार उलटला का' अशी कुजबुज होते. रजेचं कारण त्यांना इतरांपेक्षा जास्त उघड करावं लागू नये, हे लेखी घ्या.

आता बैठक. एकटीने जाऊ नका, कधीच नाही. दोघी जा, एक बोलेल, दुसरी लिहून घेईल. आठ दिवस आधी विषय लेखी कळवा. मागण्या तीन ठेवा, दहा नाही: केसेसची मर्यादा, एकट्याच्या भेटींची कार्यपद्धती, मार्गदर्शन सत्र. 'बघू', 'वर पाठवतो', 'सकारात्मक विचार करू' ही उत्तरं मिळतील. प्रत्येक वेळी शांतपणे दोनच प्रश्न: कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत? त्याच संध्याकाळी बैठकीचा सारांश ई-मेलने पाठवा आणि शेवटी लिहा की यात काही चुकलं असेल तर तीन दिवसांत कळवावं. इतिवृत्त त्यांनी लिहायचं ठरलं तर ते महिनाभराने येतं आणि त्यात तुमची मागणी 'सूचना' झालेली असते. "बाकीचे तर ३४ केसेस सांभाळतात" असं कोणी म्हटलं की वेळेच्या नोंदी पुढे करा. कोणाचं नाव न घेता, एकत्रित.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपबद्दल खास सांगायचं आहे, कारण चांगल्या चाललेल्या मोहिमा इथेच घसरतात. चिडलेल्या क्षणी कोणीतरी रुग्णाचं आडनाव, घराचा फोटो किंवा औषधाची चिठ्ठी टाकतं. ती एक गोष्ट व्यवस्थापनाच्या हाती लागली की चर्चा केसेसवरून तुम्ही केलेल्या गोपनीयतेच्या भंगावर येते, आणि तो आरोप खराही असतो. ग्रुपच्या माहितीतच नियम लिहून ठेवा आणि असं काही आलं तर लगेच काढायला लावा. ग्रुप संस्थेच्या फोनवर किंवा संस्थेच्या ई-मेलवर चालवू नका.

काही सहकारी तुमच्याकडे मागण्यांपेक्षा मन मोकळं करायला येतील. ऐका, पण त्यांच्या समुपदेशक होऊ नका. तुमच्या व्यवसायामुळे तो मोह अधिक होणार. प्रतिनिधीचं काम म्हणजे त्यांच्यासोबत बैठकीला बसणं, त्यांचे हक्क सांगणं, अर्ज लिहायला मदत करणं. कोणाच्या बोलण्यात जीव देण्याचा विचार आला, तर मात्र सरळ, स्पष्ट शब्दांत विचारा, त्या व्यक्तीला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी उपचारांपर्यंत पोहोचवा. ती गोष्ट तुमच्या एकटीपाशी ठेवायचं वचन देऊ नका.

बोलणी फिसकटली तर काय, हेही सहकारी विचारतीलच. संप हे शेवटचं पाऊल आहे. त्याआधी नियमाप्रमाणे काम हा मार्ग आहे. ठरलेले तास भरले की थांबायचं, जेवणाची सुटी घ्यायची, घरी नोंदी लिहायच्या नाहीत. २३ तासांचं फुकटचं काम थांबलं की आठवड्याभरात फरक दिसतो. पण सुरू करण्याआधी तातडीच्या सेवेची यादी लेखी द्या, आणि ती तुमच्या अनुभवातून बनवा: आत्महत्येचा धोका असलेल्या रुग्णांच्या भेटी, ठरलेल्या तारखेची दीर्घकाळ टिकणारी इंजेक्शनं, क्लोझापिन या गंभीर मानसिक आजारावरच्या औषधावर असलेल्यांच्या रक्ततपासण्या आणि औषधपुरवठा. क्लोझापिन ४८ तासांहून जास्त चुकलं तर पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून चढवत न्यावं लागतं, तेव्हा तिथे एका दिवसाचीही हयगय चालणार नाही. ही यादी युनियनने स्वतःहून आधी दिली की 'रुग्णांना वाऱ्यावर सोडलं' हा आरोप उभाच राहत नाही. संपावर कायद्याची बंधनं बहुतेक ठिकाणी आहेत. रुग्णालय सेवेत संपावर निर्बंध घालता येतात, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या देखरेख समित्याही मानतात. पण मग त्या बदल्यात निःपक्ष समेट आणि लवादाची सोय असली पाहिजे, असंही त्या सांगतात. त्यामुळे मध्यवर्ती युनियनच्या वकिलांशी बोलल्याशिवाय संपाची तारीख तोंडातून काढू नका.

रुग्णांच्या आणि नातेवाइकांच्या संघटना तुमच्या आसपास असतील तर त्यांना मोहिमेच्या पहिल्याच महिन्यात भेटा, पाठिंबा मागायला नव्हे, तर त्यांना काय खुपतं ते ऐकायला. 'दर वेळी नवीनच माणूस येतो' ही तक्रार जवळपास नक्की येईल, आणि माणसं नोकरी का सोडतात हे तुम्ही त्यांना सांगू शकता. स्वतःच्या केसमधल्या रुग्णाला मात्र कधीही सही मागू नका, निवेदन वाचायलाही देऊ नका. तुमच्यावर अवलंबून असलेला माणूस नाही म्हणू शकत नाही.

करार झाला तर केसेसच्या मर्यादेसोबत ती ओलांडली गेल्यावर काय होणार, तेही त्यात हवं: २१वी केस आली की किती दिवसांत ती दुसऱ्याकडे जाईल, आणि प्रतीक्षायादीची जबाबदारी कोणाच्या सहीने राहील. हे नसेल तर मर्यादा कागदावरच राहते. आणि सहा महिन्यांनी पुन्हा दोन आठवडे वेळेची नोंद ठेवायची, ती कामाच्या वेळेत भरायची आणि दोन्ही बाजूंनी मिळून तपासायची, हे तारखेसकट करारातच लिहून घ्या.